घरी बिल्ड केलेले कान

मिरजेतल्या एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर महिन्यातून एका रविवारी जी मंडळी जमत, त्यांना बाहेरचे लोक भजनी मंडळ समजत. समजणारच. सतरंजीवर गोल करून बसलेली वीसेक माणसं, एकजण मोठ्यानं काहीतरी वाचतोय, बाकीचे माना डोलावतायत, मध्येच कुणीतरी "थांबा, ती ओळ परत घ्या" म्हणतंय आणि शेवटी चहा. फरक इतकाच, की इथे वाचला जायचा तो एका सर्व्हरच्या प्रोग्रॅमचा सोर्स कोड, आणि वाचणाऱ्यासकट प्रत्येकाचे कान त्या सर्व्हरवर चालत.

मंडळाचं नाव कानकट्टा. सगळेच मूळचे ठार बहिरे किंवा मध्येच कधीतरी बहिरे झालेले. प्रत्येकाच्या कानाच्या आत, शंखासारख्या वळलेल्या त्या नळीत, एक बारीकशी पट्टी बसवलेली होती. जुन्या काळी अशा पट्ट्यांवर विजेची मोजकी टोकं असत. त्यांतून बोलणं कळायचं, पण गाणं म्हणजे डबे आपटल्यासारखं वाटायचं. या नव्या पट्टीवर प्रकाशाचे हजारो ठिपके होते. कोणता ठिपका कधी पेटला त्यावरून मेंदूकडे जाणारी नस जागी व्हायची आणि माणसाला आवाज ऐकू यायचा. आता हजारो ठिपक्यांचं गणित कानामागच्या बटणाएवढ्या माइकमध्ये मावत नाही. म्हणून ते गणित करायला प्रत्येकाकडे जेवणाच्या डब्याएवढा एक सर्व्हर असायचा. तो घरात ठेवा नाहीतर पिशवीत घालून हिंडा, तो चालू असेपर्यंत माणसाला ऐकू येणार.

ही यंत्रं बनवणारी परदेशी कंपनी मध्येच धंदा गुंडाळून मोकळी झाली. जाता जाता तिनं एक भलं काम केलं, सर्व्हरचा सोर्स सगळ्यांसाठी खुला करून टाकला. तेव्हापासून जगभरचे लोक तो सुधारत होते आणि कानकट्ट्याची मंडळी नवी आवृत्ती आली की ती ओळीओळीनं वाचून, आपापल्या डब्यावर स्वतः बिल्ड करून, म्हणजे त्या सोर्समधून चालता प्रोग्रॅम घडवून, चढवत होती. आयता प्रोग्रॅम घ्यायचा नाही, हा इथला कडक नियम. आपल्या कानात काय ओतलं जातंय ते आपल्याला माहीत असलं पाहिजे, यावर सगळ्यांचं एकमत होतं. चढवताना जुना प्रोग्रॅम बंद करावा लागतो आणि तेवढा वेळ माणूस पुन्हा ठार बहिरा होतो. म्हणून ते काम जोडीजोडीनं चालायचं. एक बहिरा झाला की दुसरा त्याचा हात धरून बसायचा.

त्याआधी ठशांची हजेरी व्हायची. तयार झालेल्या प्रोग्रॅमवर एक ठरावीक गणित केलं की अक्षरांची एक ओळ मिळते, तो त्याचा ठसा. सोर्स तोच, डबा तोच, अवजारं तीच, तर प्रत्येकाचा ठसा अक्षर न् अक्षर तोच यायला हवा. एकानं मोठ्यानं वाचायचा आणि बाकीच्यांनी आपापल्या पडद्यावर बघून ओरडायचं, "जुळला!"

शलाका मेस्त्री ही या कट्ट्यावरची सगळ्यात चोखंदळ वाचक. स्वल्पविरामावरही अडून बसायची. पण बिल्ड करायचं काम तिनं नवऱ्यावर सोडलेलं होतं, जसं इतर घरांतून गॅसचा सिलिंडर बदलायचं काम नवऱ्यावर सोडतात तसं. पराग पुण्यात चांगल्या नोकरीवर प्रोग्रॅमर होता. बायकोचे कान गेले तेव्हा नोकरी सोडून मिरजेला आला, तिचा सर्व्हर स्वतः उभा केला आणि तिचं वाद्यांचं दुकानही सांभाळू लागला. कट्ट्यावर त्याचं कोण कौतुक! तो तिच्या शेजारी बसून चहाचे पेले फिरवायचा आणि हजेरीच्या वेळी तिच्या वतीनं खणखणीत "जुळला!" म्हणायचा.

त्या रविवारी पराग पुण्याला वाद्यांच्या प्रदर्शनात गेलेला होता. शलाकानं आयुष्यात पहिल्यांदा स्वतः बिल्ड केलं. प्रत्येक आज्ञा दोनदा तपासून दिली, काही चुकलं नाही. पडद्यावर ओळींमागून ओळी पळत गेल्या, डबा गरम झाला, थांबला. तिला अगदी पहिला गोल फुलका फुगल्याचा आनंद झाला. मग हजेरी सुरू झाली. ठसा वाचला गेला, "जुळला, जुळला" होत होत पाळी तिच्यापाशी आली आणि ती पडद्यावरची अक्षरं बोट ठेवून पुन्हा वाचू लागली.

"काय गं?" अनसूयाताई कोष्टींनी विचारलं.

"नाही जुळत."

"पुन्हा कर. धांदरटपणा केला असशील."

तिनं सगळं पुसून पुन्हा केलं. ठसा पुन्हा तोच आला आणि पुन्हा इतरांशी जुळला नाही. सोर्स पडताळला, तो अक्षरशः सारखा होता. कुणीतरी म्हणालं, "परागरावांना विचारा फोन करून." शलाकानं फोन हातात घेतलासुद्धा. पण अनसूयाताई तिच्याकडे अशा काही बघत होत्या की तिनं तो परत पिशवीत टाकला.

अनसूयाताई कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेल्या होत्या. बोलणं फटकळ, पण विद्यार्थी अजून घरी पाया पडायला यायचे. त्या म्हणाल्या, "जेवायला माझ्याकडे चल. डबा घेऊन ये. आणि नवीन काही चढवू नकोस."

जेवणं झाल्यावर ताईंनी दोघींचे डबे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले.

"हे बघ, सोर्स म्हणजे माणसानं माणसाला कळेल असं लिहिलेलं. यंत्राला त्यातलं काही कळत नाही. मध्ये एक भाषांतरकार लागतो, कंपायलर. आपण सोर्स वाचतो, डोळ्यांत तेल घालून वाचतो. पण भाषांतरकारानं भाषांतर करताना पदरचं काही घुसडलं, तर?"

"पण कंपायलरचाही सोर्स खुला आहे की. तोही आपण वाचलाय."

"वाचलाय ना. पण तो कंपायलर कशानं बिल्ड केला? आधीच्या कंपायलरनं. आणि तो? त्याच्या आधीच्यानं." ताईंनी चष्मा पुसला. "तुझ्या डब्यावरचा कंपायलर कुणी बसवला?"

"परागनं."

ताईंनी कंपायलरचा निर्मळ सोर्स उतरवून घेतला आणि शलाकाच्या डब्यावर, तिच्याच कंपायलरकडून, त्याचा नवा कंपायलर बिल्ड करून घेतला. ठसा जुळला नाही. मग तोच सोर्स स्वतःच्या डब्यावर बिल्ड केला. तो जगभरच्या लोकांनी जाहीर केलेल्या ठशाशी जुळला. म्हणजे शलाकाच्या डब्यातला भाषांतरकार भारी वस्ताद होता. सर्व्हरचं भाषांतर करायला दिलं की त्यात काहीतरी मिसळायचा, आणि स्वतःचंच भाषांतर करायला दिलं तर नव्यातही तीच मिसळायची खोड उतरवून ठेवायचा. सोर्समध्ये कुठे काही दिसणार नाही. कितीही वेळा पुसा, नव्यानं बिल्ड करा, खोटं आपली पिलावळ आपणच वाढवत राहणार.

"हे चुकून होत नाही, शलाका," ताई म्हणाल्या. "हे कुणीतरी बसून, डोकं चालवून केलेलं आहे. आणि सोर्समध्ये का नाही घातलं? कारण तिथे तू वाचलं असतंस."

तरी शलाकाचं मन परागची वकिली करतच होतं. काहीतरी चांगल्यासाठी असेल, गोंगाट कमी करायला असेल. ताईंनी त्यांच्या कंपायलरनं सर्व्हर बिल्ड केला. ठसा जुळला. तो चढवायला शलाकानं आपला डबा बंद केला, जग नाहीसं झालं, ताईंनी तिचा हात घट्ट धरला. मग डबा चालू झाला आणि पंख्याची घरघर आली, ताईंचा खोकला आला, खालून एक विजेची रिक्षा गेली. या रिक्षांना स्वतःचा आवाज नसतो, म्हणून मिरजेत त्यांना घुंगरू बांधतात. ते घुंगरू रोजच्यासारखेच वाजले.

"काहीच फरक नाही हो ताई!" शलाका रडायच्या बेतात हसली.

"थांब." ताई दोन्ही प्रोग्रॅम पडद्यावर समोरासमोर ठेवून बघत होत्या. "तुझ्या जुन्या प्रोग्रॅममध्ये एक मोठा गठ्ठा जास्तीचा आहे. ध्वनिमुद्रण दिसतंय. लावू?"

त्यांनी लावलं. एक तार छेडली गेली, मग दुसरी, मग तिच्या जोडाची, मग खर्जाची जाड तार. पहिल्याच आवर्तनाला शलाकानं टेबलाची कड धरली. हा तंबोरा ती झोपेतही ओळखली असती. तो तिच्या गुरूंचा, आब्बासमियाँचा होता.

शलाकाचं काम काय, ते इथे सांगायला हवं. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर एक घोडी असते, तिच्यावरून तारा जातात. त्या घोडीचा माथा कानशीनं असा घासायचा की तार तिला टेकतेही आणि टेकतही नाही. ते साधलं आणि तारेखाली सुताचा दोरा नेमक्या जागी सरकवला, की एका सुरातून दहा सूर फुलत जातात. याला जवारी काढणं म्हणतात. याला मोजपट्टी नाही, कान हेच माप. सुतारकाम करणाऱ्या घरातली ही मुलगी शाळा सुटली की सतारमेकर गल्लीत आब्बासमियाँच्या दारात जाऊन बसायची. त्यांनी आधी हाकललं, मग झाडू मारायला लावलं, मग एक दिवस हातात कानस दिली. पुढे मोठमोठे गवई "जवारी शलाकाच्या हातची" म्हणून मागू लागले. आणि मग एका जीवघेण्या तापावरच्या औषधानं ताप गेला, पण कानही नेले.

नवे कान आल्यावर वर्षभर ती जवारीच्या वाट्याला गेली नव्हती. मग एकदा भीत भीत बसली. पहिले काही तंबोरे पत्र्यासारखे वाजले, ती ढसाढसा रडली. आणि मग एके दिवशी जवारी लागली! अगदी गुरुजींसारखी. तिथून पुढे हात कधी चुकलाच नाही. कान गेलेल्या बाईचे कान परत आले, ही गोष्ट वर्तमानपत्रांत आली. पुढच्याच आठवड्यात आब्बासमियाँच्या स्मृतिदिनाच्या कार्यक्रमात, भर सभेत, गवयांच्या समोर जवारी काढून दाखवायचं आमंत्रण तिनं स्वीकारलेलं होतं. परागला न विचारता स्वीकारलं म्हणून तो दोन दिवस धुमसत होता. तब्येत सांभाळ, दगदग नको, असं काहीबाही म्हणत होता.

ती ताईंच्या घरून निघाली ती थेट आपल्या तंबोऱ्यांच्या कारखान्यात आली. रविवार असला तरी नसीर आत पुण्याला जायचा माल बांधत होता. आब्बासमियाँचा हा मुलगा तिच्याच वयाचा, आता तिच्याच कारखान्यात काम करणारा. दोघं एकाच सतरंजीवर बसून एकाच माणसाचा मार खात शिकले होते.

शलाकानं काल संध्याकाळी स्वतः पुरा केलेला तंबोरा खुंटीवरून काढला, मांडीवर घेतला आणि तार छेडली.

पत्र्याच्या डब्यात माशी आपटावी तसा आवाज आला. तिनं दोरा पुढे घेतला, मागे घेतला. आता माशीही मेली. काल याच तंबोऱ्यावर ती बोट फिरवत डोळे मिटून बसली होती आणि मनात म्हणाली होती, गुरुजी, ऐका.

मग तिनं नसीरनं बांधायला घेतलेला तंबोरा ओढला. तोही तिच्याच हातचा, गेल्या आठवड्यातला. हा मात्र फुलला. खर्जाची तार तर अशी बोलली की तिच्या अंगावर काटा आला. तिनं तो उजेडात नेऊन घोडी निरखली. शलाका डावखुरी. तिच्या कानशीच्या रेघा डावीकडे कललेल्या पडत. या घोडीवरच्या रेघा उजवीकडे कललेल्या होत्या.

"नसीर," ती म्हणाली, "ही घोडी कुणी घासली?"

नसीरच्या हातातली सुतळी तशीच राहिली.

"बोल की. माझे कान नवे आहेत आज. सगळं ऐकू येतंय."

तो खाली बसला. "तुझा नवरा आलता माझ्याकडं," तो म्हणाला. "लई दिवस झाले. म्हणला, ती रडतीया, खचून जाईल. तिनं जवारी काढली की तू मागनं नीट करून ठेव, तिला कळणार न्हाई, त्याची सोय मी केलीया. मला काय ठावं कसली सोय! मला वाटलं चार-दोन तंबोऱ्यांचा प्रश्न हाय, तेवढ्यात हिचा कान बसंल."

"सगळे? सगळे तंबोरे?"

"सगळे."

"आणि मी तुझ्यासमोर बसून वाजवायचे, 'कसा झालाय?' म्हणायचे, तेव्हा?"

"तवा मी मान हलवायचो." नसीरचे डोळे भरले. "अब्बांची शप्पथ, दर वेळी वाटायचं आज सांगावं. पर तू इतकी खूश असायचीस…"

तिला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. त्याच वेळी असंही वाटलं, की इतकी वर्षं हा माणूस आपलं काम दोनदा करत होता, नाव दुसऱ्याचं होत होतं आणि चकार शब्द काढत नव्हता. तिनं तंबोरा खाली ठेवला. आता लख्ख दिसत होतं. ती कानस घेऊन बसली, तार छेडली, की सर्व्हर तो आवाज ओळखायचा आणि तिच्या नसेकडे खरा आवाज न पाठवता आब्बासमियाँच्या तंबोऱ्याचा आवाज पाठवायचा, तिच्या तारेच्या सुरात चपखल बसवून. तिनं घोडी कशीही घासली असती, विटेनं घासली असती, तरी तिला गुरूंचीच जवारी ऐकू आली असती. इतकी वर्षं तिनं स्वतःचं काम एकदाही ऐकलं नव्हतं.

पराग दुसऱ्या दिवशी सकाळी परत आला. प्रदर्शनात तंबोरे खपले म्हणून खुशीत होता, तिच्यासाठी बाकरवडी आणली होती. शलाका स्वयंपाकघरात डबा समोर ठेवून बसलेली होती.

"काल मी स्वतः बिल्ड केलं," ती म्हणाली.

त्यानं पिशवी ओट्यावर ठेवली. त्याचा चेहरा बघितला आणि तिच्या मनातला तो वकील उठून निघून गेला.

"ठसा जुळला नाही," ती म्हणाली. "तू रविवारी माझ्या वतीनं 'जुळला' म्हणायचास ना, तो ठसा."

"शलाका, ऐक. मी सांगणारच होतो."

"कधी?"

तो खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला आणि भडाभडा बोलू लागला. पहिल्यांदा एकाच दिवसासाठी केलं होतं. ती दोन दिवस जेवली नव्हती, म्हणाली होती की कानस विहिरीत टाकते. एकदा जरी जवारी लागल्यासारखी वाटली तरी उभारी येईल, मग काढून टाकू. पण दुसऱ्या दिवशी ती इतक्या दिवसांनी गुणगुणली. मग काढायचं कसं? आज काढलं तर ती म्हणेल, काल जमलं आणि आज कसं बिघडलं? रोज काढणं कालच्यापेक्षा अवघड होत गेलं. आणि ती सोर्स वाचायची, ओळ न् ओळ. म्हणून…

"म्हणून कंपायलरमध्ये घातलंस."

"हो."

"मी तिथे मान मोडून वाचत बसायची. शेजारी तू चहा वाटायचास. तुला ठाऊक होतं, की मी वाचतेय त्यात काही सापडणार नाही. हसू यायचं का रे?"

"काय बोलतेस! मी तुझ्यासाठी केलं. तुला काय मी लुबाडलं? दुकान उभं राहिलं, तुझं नाव झालं, आब्बासमियाँचं नाव राहिलं…"

"माझ्या चुका कुठायत, पराग?"

"कसल्या चुका?"

"नव्या कानाला मेंदू शिकवावा लागतो, हे तूच मला समजावलं होतंस. आवाज चुकीचा येतो, माणूस चुकतो, परत ऐकतो, मेंदू आतून जोडण्या बदलतो. ते कट्ट्यावरचे तबल्याचे मास्तर माझ्यानंतर वर्षानं आले. पहिल्यांदा त्यांना तबल्याच्या काठावरची चाट आणि मधली थाप वेगळी कळत नव्हती. आज ते तबला लावतात. का? रोज चुकायचे आणि त्यांची बायको तोंडावर सांगायची, चुकलं म्हणून. माझ्याही चुका व्हायच्या, पण त्या माझ्यापर्यंत पोचायच्याच नाहीत. तू मध्येच उचलून घ्यायचास. मला वाटायचं मला सगळं येतंय, म्हणून मी काहीच शिकले नाही. वर्षं गेली रे माझी. माझ्या हातातलं सगळं नेऊन तू केसानं माझा गळा कापलास आणि मी तुझेच आभार मानत राहिले."

पराग रडू लागला. तिचा हात आपोआप त्याच्या डोक्याकडे गेला होता. तिनं तो मागे घेतला.

थोड्या वेळानं त्यानं डोळे पुसले आणि तो कामाचं बोलायला लागला. हा त्याचा स्वभाव. "आता आधी पुढच्या रविवारचं बघू. सभेत लोक येणार, गवई येणार. ऐनवेळी नाही म्हटलं तर सगळीकडे बोभाटा होईल. माझं ऐक, नसीर आदल्या दिवशीच एका घोडीची जवारी काढून ठेवेल. तू वर बसून नुसती कानस फिरव, हलक्या हातानं. कुणाला कळणार नाही. त्यानंतर तू म्हणशील तसं."

आत्तापर्यंत शलाकाला राग होता, दुःख होतं. आता नुसतं कळलं. या माणसाला अजूनही वाटत होतं की तिला हवी आहे ती टाळी.

"पासवर्ड दे," ती म्हणाली. "डब्याचे सगळे. तुझ्याकडे जेवढे आहेत तेवढे."

तो मुकाट्यानं सांगत गेला, ती एकेक बदलत गेली. मग तिनं कार्यक्रमाच्या संयोजकांना फोन लावला, त्याच्यासमोरच. "जवारी नसीर आब्बास सतारमेकर काढतील. हो, मीही येणार. मी माईकवर बोलणार आहे, माझ्या नावावर गेलेले तंबोरे कुणाच्या हातचे होते ते सांगायला. हो, बरोबर ऐकलंत. छापलं असेल तर पुन्हा छापा."

तिनं फोन ठेवला. गल्लीत लोक काय म्हणतील ते तिला पाठ होतं. बहिरी ती बहिरीच, वर एवढी मिजास. म्हणू देत, असं तिनं मनाला सांगितलं, पण ते काही मनाला पटलं नाही.

दुपारी ती कारखान्यात गेली. नसीर दारातच उभा होता, मार खायला आल्यासारखा. ती त्याला ओलांडून आत गेली. एक कोरी घोडी घेतली, कानस घेतली आणि सतरंजीवर बसली. घासलं, तार चढवली, छेडली. पत्रा. पुन्हा घासलं. हा आवाज भयंकर होता, पण तो तिच्या हातातून निघालेला होता. कानस इथे जास्त गेली की तो असा फाटतो, तिथे गेली की असा बसतो, हे तिला आज पहिल्यांदा ऐकू येत होतं. ती घामाघूम झाली. तासाभरानं तिनं तंबोरा नसीरपुढे धरला.

"सांग."

नसीरनं तार छेडली. सवयीनं त्याची मान हलू लागली होती, ती त्यानं थांबवली. "मेलीय," तो म्हणाला. "माथा सपाट केलास तू. तार समदी चिकटून बसलीया. ही घोडी टाकून दे, दुसरी घे."

हे ऐकताना तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तरी कितीतरी दिवसांनी तिला बरं वाटलं. तिनं दुसरी घोडी घेतली.

ती अर्धी घासून झाली तेव्हा पराग चहाचा थर्मास घेऊन आला. दारातच थबकला. शलाकानं तार चढवली, छेडली. आवाज मघाच्यापेक्षा फार वेगळा नव्हता, तोच पत्रा, फक्त थोडा लांबून वाजल्यासारखा. तिनं स्वतः ऐकलं आणि तिला कळलं, की अजून काहीच झालेलं नाही.

"छान लागतेय गं," पराग म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला. त्याच्या आवाजात खोट काढायला जागा नव्हती. पूर्वीही कधी नव्हती.

शलाकानं कानस खाली ठेवली.

"घरात राहायचं तर राहा," ती म्हणाली. "चहा ठेव तिथे. दुकानाचं बघायचं तर बघ. पण माझं काही छान झालंय, असं मला पुन्हा कधी सांगू नकोस. तो हक्क तू घालवलास."

पराग थर्मास हातात धरून उभा राहिला. तिनं घोडी सोडवली, उजेडाकडे धरून माथा बघितला आणि पुन्हा घासायला लागली.